खाडीत गेलेलं बिल

मी हे लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेची उत्तरं सोडली तर आजवर काही लिहिलेलं नाही. ज्यांची गावं गेली, माणसं गेली, त्यांनी लिहावं. आमचं काय, एक वजनकाटा खराब निघाला आणि दुकानदाराने तो परत घेतला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. भाषेत चुका असतील, त्याबद्दलही. पण ही गोष्ट आतून जात नाही. म्हणून लिहितो.

"वर ठेवू नको. खाली ठेव. तिकडे, चपलांपाशी."

दुकानदार माझ्या आईला बोलत होता. आम्ही पनवेलच्या बाजारात, घरगुती मशिनींच्या एका मोठ्या दुकानात उभे होतो. आईच्या हातात तिचा मासे तोलायचा काटा होता. याच दुकानातून घेतलेला. आदल्या दिवशी तिने तो लिंबू आणि साबण लावून पुसून घेतला होता, उन्हात ठेवला होता, धुतलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. त्या दिवशी ती धंद्यावर बसली नव्हती. लग्नाकार्यात नेसते ती साडी नेसून आली होती. दुकानात जायचं म्हणून.

तिने काटा खाली ठेवला. चपलांपाशी.

दुकानदाराने मागच्या फळीवरून सुगंधी फवाऱ्याचा डबा काढला आणि आमच्या दिशेने फस्स करून मारला. मोगऱ्याचा वास होता. काउंटरवरची गिऱ्हाइकं हसली. आईही हसली. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही तिला धंद्याची सवय. ते तिचं हसणं मला अजून दिसतं.

आम्ही कोळी. पनवेल आणि उरणच्या मधल्या खाडीकाठी आमचं गाव आहे. बाबा पूर्वी खाडीत होडी घालायचे. खाडीत भराव पडला, मासळी कमी झाली, तेव्हापासून ते जासईला कंटेनरच्या गोदामात हमालीला जातात. घर चालतं ते आईच्या पाटीवर. घरी आम्ही तिला 'आये' म्हणतो, इथे आई लिहितो. ती नवीन पनवेलला, सोसायट्यांच्या रस्त्यावर, कितीतरी वर्षं एकाच जागी बसते. तिची आईही तिथेच बसायची, तेव्हा सोसायट्या कमी होत्या.

आमच्याकडे मासे वजनावर विकायची रीत नाही. वाटा लावायचा. म्हणजे मांदेलीचा, कोळंबीचा, निवट्यांचा एकेक ढीग करून ठेवायचा आणि ढिगाचा भाव सांगायचा. गिऱ्हाईक घासाघीस करणार, आई नाही नाही म्हणत शेवटी वर चार कोळंब्या टाकणार, दोघी हसणार. असा धंदा. पण नव्या सोसायटीतल्या लोकांना वाटा कळेना. "किलोचा भाव सांगा," म्हणायचे. "अंदाजे नको." आईला ते 'अंदाजे' लागलं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या, मासळी यायला लागली, तेव्हा तिने पनवेलहून हा काटा आणला. लाल आकडे दिसणारा. बॅटरीवर चालणारा.

तिला त्याचं फार कौतुक. "आता कोन बोल लावनार नाय," म्हणाली. "आकडा त्यांच्याच डोल्यांसमोर."

मग गणपती आले, गौरी आल्या. आमच्या घरात त्या दिवसांत जी नवी वस्तू आली असेल ती गौरीपुढे ठेवतात. जाळं असो, पातेलं असो. माझा मोबाइलसुद्धा एका वर्षी ठेवला होता. आईने काटा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. त्याच्याखाली दुकानाचं बिल ठेवलं. वस्तूची पूजा केली तर तिच्या कागदाची का नको, असा तिचा विचार. विसर्जनाच्या दिवशी बाबांनी पाटावरची फुलं, पानं, तांदूळ, सगळं एका फडक्यात गोळा केलं. बिलही त्यातच गेलं. निर्माल्य खाडीत सोडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे वस्तू बिघडली तर बाबा खोलून बसतात, नाहीतर ती तशीच वापरतात. परत करायची असते आणि त्यासाठी कागद सांभाळायचा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं. मी कॉमर्सला आहे.

गौरी जाऊन काही आठवडे झाले. एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाईक मॅडम आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात आदल्या दिवशी घेतलेल्या कोळंबीची पिशवी. त्यांच्याकडे घरी केक करायचा छोटा काटा होता. त्यावर आईची किलोभर कोळंबी नऊशे ग्रॅम भरली.

"मी दीड वर्षं तुझ्याकडून घेतेय," त्या म्हणाल्या. "किती खाल्लंस माझं?"

आणि पिशवी तिच्या पाटीवर उलटी केली. मग मोबाइलवर फोटो काढला. आईचा. काट्यावर हात ठेवलेला.

मी तेव्हा तिथे नव्हतो, कॉलेजात होतो. हे मला आईने सांगितलेलं नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या काकींनी सांगितलं. दोन दिवसांनी एका गिऱ्हाइकाने मला तो फोटो दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं, 'हिच्याकडून मासे घेऊ नका. वजनात चोरी करते.' त्याखाली लोकांचे अंगठे. एकाने लिहिलं होतं, 'हे लोक असेच.'

हे लोक. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

घरी येऊन मी किराण्याच्या दुकानातली मिठाची बंद पुडी काट्यावर ठेवली. एक किलोची. आकडा आला अकराशेच्या वर. पुडी उचलली, पुन्हा ठेवली. तेच. आई बघत होती.

मग म्हणाली, "म्हंजे मी खरंच कमी दिलं."

मी म्हणालो, "तू नाय दिलंस. काट्यानं दिलं."

"हात माजाच व्हता ना."

तेव्हापासून तिने तो काटा वापरला नाही. पण गिऱ्हाईक येईना. कोपऱ्यावर दुसऱ्या बाईकडे रांग आणि आईसमोर मोकळा रस्ता. लोक मान वळवून जायचे. संध्याकाळी ती बर्फ वितळलेली पाटी तशीच परत आणायची. आम्ही तीच मासळी रोज खाल्ली. तिचं जेवण कमी झालं. झोपेत बोलायला लागली. तिला पैशांचं दुःख नव्हतं, असं मी म्हणणार नाही, पण ते वेगळं होतं. त्या रस्त्यावर तिच्या आईचं नाव होतं. आता तिथे 'चोर' होतं.

म्हणून आम्ही दुकानात गेलो. मिठाची पुडीही नेली.

आता पुन्हा दुकानात येतो. काटा चपलांपाशी होता.

"बिल?" दुकानदार म्हणाला.

आईने खरं ते सांगितलं. "दादा, बिल गौरीपुढं ठेवलं व्हतं. निर्माल्यासंगती खाडीत गेलं."

तो आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग गिऱ्हाइकांकडे. "ऐकलंत? बिल गणपतीकडे आहे. मग गणपतीलाच विचार ना, मावशी. वॉरंटी तोच देईल."

पुन्हा हशा.

मी म्हणालो, "सर, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल. नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात घेतलाय."

"कॉम्प्युटर तुझ्या बापाचा का?"

गेल्या वर्षी परीक्षेत ग्राहकांच्या हक्कांवर मला प्रश्न आला होता. मी सगळे मुद्दे लिहिले होते, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. त्या काउंटरसमोर एकही मुद्दा आठवला नाही. घशात मोगरा बसला होता.

आईने मिठाची पुडी पुढे केली. "एकदा ठेवून बघा. आकडा जास्ती दावतोय."

"पाणी घातलं असशील. तुमचे हात कधी कोरडे असतात का?" मग तो काउंटरवर रेलून, आवाज थोडा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि जास्त दाखवतोय ना? मग रडतेस कशाला? तुझा फायदाच आहे की. बाकीच्या तर माझ्याकडे येऊन तसा करून मागतात."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं.

ती म्हणाली, "मी नाय मागितला."

"बरं, नाही मागितला. आता काय पाहिजे? पैसे?"

"पैसं नको मना. दुसरा काटाबी नको. हा खोटा व्हता, असं तुमच्या कागदावर लिवून द्या. त्या मॅडमना दाखवाचाय."

त्याला ते कळलंच नाही, असं मला वाटतं. पैसे मागणारा माणूस त्याला कळतो. हे नवीन होतं. तो म्हणाला, "बाजूला उभी राहा. गिऱ्हाईक येऊ दे."

आम्ही बाजूला झालो. आणि गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे गृहस्थ, बोटात गाडीची किल्ली, हातात इस्त्री. त्यांनी इस्त्री काउंटरवर ठेवली. वर.

"ही तापतच नाही हो. आणि बिल काही सापडत नाहीये बरं का."

"अहो साहेब, तुम्हाला कशाला बिल?" दुकानदार म्हणाला. "बसा ना. पाणी घेणार?"

त्याने इस्त्री प्लगला लावूनसुद्धा बघितली नाही. नवीन खोका काढला, उघडून दाखवला, पिशवीत घातला. मग मघाच्याच कॉम्प्युटरवर त्यांचं जुनं बिल शोधलं आणि छापून दिलं. "ठेवा तुमच्याकडे. पुढे लागलं तर." गृहस्थ 'थँक्यू' म्हणाले आणि जाता जाता आमच्या काट्याला त्यांचा पाय लागला. ते काट्याकडे बघून "सॉरी" म्हणाले. काट्याला. आम्हाला नाही.

मला एवढंच सांगायचंय की त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, चूक आमची आहे. बिल सांभाळलं नाही, हा आमचा अडाणीपणा. शिकलो की जाईल. म्हणून तर मी शिकतोय. पण त्या गृहस्थांकडेही बिल नव्हतं. आमच्याकडे जे नव्हतं, ते बिल नव्हतंच. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते कुठल्याही कॉलेजात मिळणार नव्हतं.

मी काउंटरपाशी गेलो.

"त्यांना बिलाशिवाय का दिलं?"

"काय?"

"आत्ता त्यांना बिलाशिवाय दिलंत. आम्हाला का नाही?"

दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, अगदी शांतपणे, जसं लहान मुलाला समजवावं तसं, "ते कोण आणि तुम्ही कोण?"

दुकानात कुणी हसलं नाही. एक बाई मिक्सरची भांडी बघत राहिली.

"कोण आहोत आम्ही?" मी विचारलं. आवाज फाटला. "सांगा ना. कोण आहोत?"

आईने माझा दंड धरला होता. दुकानदाराने रस्त्याकडे नजर टाकली. दाराशी दोघं-तिघं थांबले होते. त्याने मागे वळून फळीवरून एक नवा काटा काढला आणि काउंटरवरून ढकलला.

"घे. गरीब बाई आहे म्हणून देतोय. आणि बाहेर दुकानाचं नाव काढायचं नाही."

"लिहून द्या," मी म्हणालो.

"लिहून बिहून काही मिळणार नाही. मिळतंय ते घे आणि नीघ."

"मग हा नको."

मी खाली वाकलो, चपलांपाशी ठेवलेला आमचा काटा उचलला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि बाहेर आलो. आई मागून आली. मिठाची पुडी आत राहिली. ती आणायला मी परत गेलो नाही.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "नवा काटा घेयाला काय झालं व्हतं तुला? उद्या धंद्यावर तू बसनार हाय काय?"

तिचं खरं होतं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पन त्यानं मना गरीब बाई म्हनाला नको व्हतं. मी मागाला नव्हती गेली."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातल्या सरांना विचारलं आणि वजनकाटे तपासतात त्या सरकारी कार्यालयात गेलो. आईला घेऊन. तिथल्या अधिकारी बाईंनी आईला खुर्ची दिली. आई टोकावर बसली. मी काटा हातातच धरून उभा होतो. बाई म्हणाल्या, "अरे, टेबलावर ठेव ना." मी ठेवला. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली. टेबलावर काटा ठेवायला मिळाला म्हणून रडायचं, इतकं थोडं आम्हाला पुरतं.

त्यांनी काटा उलटसुलट करून बघितला. धंद्याच्या काट्यावर तपासणीचा शिक्का असावा लागतो, दर वर्षी तो मारून घ्यावा लागतो. आमच्या काट्यावर तो कधी नव्हताच.

"दुकानदाराने सांगितलं नाही?"

"नाय," आई म्हणाली. "बॅटरी कशी घालाची तेवढं सांगितलं."

"बिल नसलं तरी चालेल. यावर मशीनचा नंबर आहे, कुणी कुणाला विकला ते काढता येतं." मग त्या आईकडे बघून म्हणाल्या, "पण एक आत्ताच सांगते. शिक्का नसलेला काटा वापरणं हाही गुन्हाच आहे. तक्रार केलीत तर तुमचंही नाव येईल त्यात. विचार करून द्या."

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तक्रार दिली. काटा त्यांनी ठेवून घेतला.

मग काहीच झालं नाही. दिवाळी गेली. मी फोन करायचो, "तपासणी चालू आहे" एवढंच कळायचं. आईने जागा सोडली नाही. रोज तिथेच बसली, पुन्हा वाटे लावून. सोसायटीतल्या घरकामाच्या बायका तिच्याकडून घ्यायच्या, रिक्षावाले घ्यायचे. त्या मॅडम समोरून जायच्या. आई त्यांना हाक मारायची, नेहमीसारखी, "मॅडम, मांदेली ताजी हाय." त्या थांबायच्या नाहीत. मी म्हणायचो, कशाला हाक मारतेस? ती म्हणायची, "हाक नाय मारली तर तिला वाटंल, मी लाजले."

एका रविवारी मी स्वतः त्या सोसायटीत गेलो. मॅडमना सगळं सांगायला. गेटवरच्या वॉचमनने वर फोन लावला. उत्तर आलं, "काही पुरावा असेल तर आण." मी परत आलो.

गेल्या आठवड्यात त्या कार्यालयातून फोन आला. आम्ही दोघं गेलो. त्याच अधिकारी बाई होत्या.

त्यांनी वाचून दाखवलं. काटा सदोष. किलोमागे शंभर ग्रॅमच्या वर जास्त दाखवतो. दोष मूळचा, पाण्याने झालेला नाही. दुकानदाराने बिनशिक्क्याचा काटा विकल्याचं मान्य केलं आणि दंड भरून तडजोड केली. त्याचं प्रकरण मिटलं.

"आणि आमचं?" मी विचारलं.

त्यांनी दुसरा कागद पुढे केला. आईच्या नावाचा. बिनशिक्क्याच्या काट्यावर माल विकला, हा गुन्हा कबूल आहे, असं त्यावर होतं. सही केली, थोडा दंड भरला की तेही मिटणार होतं. बाई मनापासून म्हणाल्या, "मावशी, करून टाका. सगळे करतात. कशाला त्रास?"

आईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ बघत होती.

"यात काटा खोटा व्हता, असं हाय?"

"नाही. तो अहवाल वेगळा, तो आमच्या फाइलीतच राहतो. यात फक्त तुम्ही वापरलात, एवढंच."

"मंग मॅडमना हाच कागद दावाचा मी? मी गुन्हा कबूल केला म्हनून?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"सही नाय केली तर?"

"मग कोर्टात जाईल. तारखा पडतील. तुम्ही आरोपी म्हणून उभ्या राहाल, मावशी."

"तितं तो दुसरा कागद वाचतील? काटा मुलातच खोटा व्हता, तो?"

"आम्हाला तो हजर करावाच लागेल. हो, वाचतील."

"सगल्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"आन त्या मॅडमना बोलवता येतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साक्षीदार म्हणून बोलवायची मागणी करता येते." हे मात्र मला आठवलं.

आईने कागद टेबलावर ठेवला. सही न करता. तिच्या बोटांची ओल कडेला उमटली होती.

"मंग लावा तारीख," ती म्हणाली.

काल संध्याकाळी निरोप आला. तारीख लागली आहे. त्या दिवशी माझा पेपर आहे. मी आईला ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पेपर पुन्हा देता येतो. तिच्या शेजारी मी उभा राहणार आहे.